तेरा टक्के होल्डवर, आणि बाकीचं?

पत्र

मावशी, सप्रेम सलाम.

मी ३२ वर्षांची, इंदूरचीच. राज्यसेवेची मुख्य परीक्षा पास झाले, मुलाखत दिली आणि माझा रोल नंबर १३ टक्क्यांच्या यादीत गेला. तेव्हापासून निकाल राखून ठेवलाय. माझं झालं की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. संध्याकाळी भंवरकुआँला एका क्लासमध्ये इतिहास शिकवते, पण ते आपलं तात्पुरतं. परवा झाबुआची एक मुलगी म्हणाली, 'मॅडम, पुढच्या बॅचला तुम्हीच असाल ना?' मी उत्तरच दिलं नाही. बडोद्याचं एक स्थळ आलंय, तर घरी 'पोस्टिंग झाल्यावर बघू' चाललंय. मोबाईलचा रिचार्जसुद्धा मी २८ दिवसांचाच मारते. पुढच्या महिन्यात कुठे असेन, कोण जाणे! रात्री दोन-दोनदा उठून टेलिग्रामवर कोर्टाची काही बातमी आहे का ते बघते.

चर्चमध्ये जो तो विचारतो, 'काय झालं गं?' आणि मग म्हणतो, 'देवाची वेळ परिपूर्ण असते.' हल्ली मी आशीर्वाद व्हायच्या आत निघते. डिसेंबर २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाच्या दारात मुलं धरण्याला बसली तेव्हा पप्पांनी जाऊ दिलं नाही. आपण मूठभर लोक, असल्यात पडू नये म्हणाले. समाधानी राहायला शिक, प्रेषित पौल शिकला होता, हे त्यांचं नेहमीचं. आमच्या हॉलमध्ये बायबलातल्या यिर्मया २९:११ या वचनाची फ्रेम आहे, तिच्याकडे बघवत नाही. मला आता समाधान या शब्दाचीच चीड येते. समाधान म्हणजे मन मारणं का? माझा विश्वास कमी पडतोय का? आणि हे मागणं मागायचं थांबवू का?

— तेरा टक्क्यांतली, इंदूर

उत्तर

प्रिय मुली,

टोपणनाव झकास घेतलं आहेस. महाराष्ट्रातल्या वाचकांना ते कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगते. मध्य प्रदेश सरकारने २०१९ मध्ये इतर मागासवर्गीयांचं आरक्षण १४ टक्क्यांवरून २७ टक्के केलं. त्यावर याचिका झाल्या, प्रकरण जबलपूरच्या हायकोर्टात रखडलं, पुढे सुप्रीम कोर्टात गेलं. वाढलेल्या १३ टक्क्यांचं काय करायचं ते ठरेना, म्हणून २०२२ पासून आयोग ८७ टक्के जागांचा निकाल लावतो आणि १३ टक्के जागांचा झाकून ठेवतो. या १३ टक्क्यांत दोन्हीकडची मुलं आहेत, खुल्या वर्गातली आणि ओबीसी. दोघांनीही मुलाखती दिल्यात. कोर्टाचं माप ज्या बाजूला पडेल त्या बाजूचे लोक नोकरीला लागतील. तू कोणत्या बाजूची ते लिहिलं नाहीस. मीही विचारत नाही.

म्हणजे तू पास नाहीस आणि नापासही नाहीस. नापास झालेल्या मुलीला आई जवळ घेते, पास झालेलीला पेढा भरवते. तुझं काय करायचं हे कुणाला कळत नाही, म्हणून सगळे तुला वचनं ऐकवतात.

'देवाची वेळ परिपूर्ण असते' हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण म्हणणाऱ्याने जरा दम धरून पाहावं, आपण कुणाची पावती कुणाच्या नावाने फाडतोय ते. तुझा निकाल अडला आहे तो सरकार आणि कोर्ट यांच्यामध्ये. तो देवाच्या खात्यावर टाकला की सांगणाऱ्याचं काम सोपं होतं. ज्याच्याकडे धाव घ्यायची त्याच्यावरच तुझा राग जाऊन बसतो, ते मात्र कुणी बघत नाही.

तुझ्या पप्पांनी पौलाचं नाव काढलं ते फार बरं झालं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २४ उघड. पौल कैसरियात अटकेत आहे. त्याआधी, यरुशलेमेत असतानाच, प्रभूने रात्री त्याच्याजवळ उभं राहून सांगितलंय की तुला रोममध्येही साक्ष द्यायची आहे. देवाचा शब्द मिळालेला आहे. खटला उभा राहतो, दोन्ही बाजूंची भाषणं होतात, आणि सुभेदार फेलिक्स म्हणतो, लुसिया सरदार आला की निकाल देईन. तहकूब! पुढे तो पौलाला अधूनमधून बोलावतो, गप्पा मारतो, परत कोठडीत पाठवतो. अशी दोन वर्षं जातात. का जातात, ते हे पुस्तक लिहिणारा लूक आडपडदा न ठेवता सांगतो. फेलिक्सला वाटत होतं पौल आपल्याला पैसे देईल. आणि बदली झाली तेव्हा यहुद्यांची मर्जी राखायला त्याने पौलाला तसाच बंदीत सोडला. बस, एवढंच कारण. देवाची वेळ वगैरे लूक तिथे काही लिहीत नाही. त्याचा देवावर विश्वास नव्हता असं थोडंच आहे? साहेबाचं पाप त्याने साहेबाच्याच नावावर ठेवलं.

पुढची गोष्ट तुझ्या पप्पांना वाचून दाखव. नवा सुभेदार फेस्त येतो, तोही यहुद्यांची मर्जी राखायला खटला यरुशलेमेत चालवू का विचारतो. तेव्हा पौल भर न्यायसभेत म्हणतो, मी कैसराजवळ न्याय मागतो. कैसराकडे, म्हणजे रोमच्या बादशहाकडे, अपील करणं हा रोमी नागरिकाचा हक्क होता, त्याने तो वापरला. आणि आपण ज्या संतोषाची वचनं पाठ करतो ते फिलिप्पैकरांचं पत्र याच माणसाने बेड्यांत असताना लिहिलं. परंपरा मानते की रोममध्ये, म्हणजे या अपिलानंतर. मी शिकलो आहे, असं तो लिहितो. पन्नाशी उलटलेला, मारझोड झालेला, समुद्रात बुडता बुडता वाचलेला माणूस 'शिकलो' म्हणतो, म्हणजे जन्मतः येत नव्हतं त्याला. त्याच पत्रात पुढे, माझ्या संकटात तुम्ही मदत पाठवली ते बरं केलंत, असंही आहे. संतोष होता तरी त्याने मदत परत केली नाही, आणि अपीलही मागे घेतलं नाही.

पप्पांवर रागावू नकोस. ते कशाला घाबरतात ते मला ठाऊक आहे. आपली चार घरं, त्यांतली दोन नोकरीवाली. एक अख्खी पिढी 'आपण भलं, आपलं काम भलं' म्हणत निवृत्त झाली. त्या डिसेंबरच्या थंडीत मुलं रात्रभर रस्त्यावर बसली होती, पोलीस होते, बापाचं काळीज हललं असेल. पण आता धरणं नाही, कायद्याची वाट आहे. उमेदवारांच्या गटाबरोबर निवेदनावर सही कर, वकिलाच्या वर्गणीत तुझा वाटा घाल. प्रार्थना करावी आणि खचून जाऊ नये हे शिकवायला येशूने जी गोष्ट निवडली, तीच मुळी कोर्टातली आहे. लूक १८. न्यायाधीश असा की देवाला भीत नाही आणि माणसाला जुमानत नाही. आणि एक विधवा, जी त्याच्याकडे खेपा घालायचं सोडत नाही. या बाईने घरी बसून समाधान मानावं असं प्रभूला वाटलं नाही. पप्पांना हेही दाखव, आवाज न चढवता.

आता मन मारण्याचा प्रश्न. माझ्या मते तुझ्या पत्रातला हाच खरा. त्यासाठी हन्नाकडे जाऊ, पहिला शमुवेल, पहिला अध्याय. तू रविवारच्या शाळेत ऐकलेली हन्ना म्हणजे प्रार्थना केली आणि मूल झालं. मधलं आपण सगळे गाळतो.

दरवर्षी कुटुंब शिलोला यज्ञाला जातं. पनिन्नाला मुलंबाळं आहेत, हन्नाला नाही, आणि पनिन्ना तिला मुद्दाम डिवचते. दरवर्षी तेच. हन्ना रडते, जेवत नाही. नवरा एलकाना जीव लावणारा आहे. तो म्हणतो, का रडतेस, मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का? बिचारा. वाक्य प्रेमाचं आहे, पण बाई काय गमावून बसलीय ते त्याच्या ध्यानातच आलेलं नाही. मग ती उठते आणि मंदिरात जाऊन कळवळून रडते. ओठ हलतात, आवाज नाही. एली याजक दारापाशी बसलेला. त्याला वाटतं, बाई प्यालेली आहे! तो तिला झापतो. तुझ्या चर्चमधले लोक निदान एवढं तरी करत नाहीत. ती मात्र गप्प बसत नाही. महाराज, मी द्राक्षारस प्यालेली नाही, परमेश्वरापुढे माझा जीव ओतत होते, मला वाईट चालीची समजू नका, असं सरळ सांगते. एली वरमतो, शांतीने जा म्हणतो.

आणि मग ते वचन येतं, ज्यावर मी कुणाला उपदेश करताना फारसं ऐकलेलं नाही. ती आपल्या वाटेने गेली, जेवली, आणि तिचा चेहरा उदास राहिला नाही.

शमुवेल अजून पोटातसुद्धा नाही. घरी काही बदललेलं नाही. त्याच पंगतीला पनिन्ना आपल्या पोरांसकट बसलेली असणार. एलीने काही तारीख दिलेली नाही. तरी हन्ना जेवली. मन मारलं असतं तर ती मंदिरात गेलीच नसती, नशिबात नाही म्हणून बसली असती. तिने मागणं एका कणाने कमी केलं नाही, नवस बोलली, देवाशी भांडण मांडलं. ते मांडून झाल्यावर ती पानावर बसली. मला समाधान म्हणून जे काही कळतं ते एवढंच: हवं ते हवंच आहे, पण त्यापायी आजचं जेवण थांबलेलं नाही.

तू जेवायची थांबली आहेस. तुझा २८ दिवसांचा रिचार्ज वाचून मी हसले, आणि मग हसू आवरलं. आयोगाने तुझे १३ टक्के धरून ठेवलेत, बाकीचे ८७ तू स्वतःच. स्थळ थांबलं, वर्ग तात्पुरता, फोन महिन्याच्या बोलीवर, उपासनेतून आशीर्वादाआधी पळ. हे काही कोर्टाने सांगितलेलं नव्हतं.

झाबुआच्या त्या मुलीचं बघ. भंवरकुआँच्या गल्ल्या मी पाहिल्यात. एका खोलीत तिघी, भिंतीला भारताचा नकाशा, दारात दुपारचा डबा तसाच पडलेला, लायब्ररीच्या सीटचे पैसे महिन्याच्या महिन्याला. घरी बापाने काहीतरी विकून पाठवलेली ही पोर तुला विचारते, मॅडम, तुम्ही असाल ना? ती अभ्यासाचं विचारत नाहीये. या एवढ्या मोठ्या शहरात एक तरी माणूस जागेवर सापडेल का, हे विचारतेय. उद्या वर्गात तिला सांग, ही बॅच संपेपर्यंत मी आहे. ऑर्डर मधेच आली तर तेव्हाचं तेव्हा बघू, महिनाभराची मुदत मागता येते. तू जे रोज संध्याकाळी करतेस ते काम आहे. पौलाला रोममध्ये खटल्याची वाट बघत भाड्याच्या घरात दोन वर्षं काढावी लागली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो तिथेच शिकवत होता. मागे वळून बघताना त्या दोन वर्षांना तात्पुरती कोण म्हणेल?

हॉलमधली फ्रेम उतरवू नकोस. फक्त तिच्या वरची सहा-सात वचनं वाच. 'तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत' हे आपण वाढदिवसाच्या केकवरसुद्धा लिहितो, पण ते पत्र बाबेलात धरून नेलेल्या लोकांना आहे आणि अगदी त्याच्या आधीच्या वचनात मुदत लिहिलेली आहे: ७० वर्षं. पत्र ऐकणाऱ्या कित्येकांना ते परतणं डोळ्यांनी दिसणार नव्हतं. मग त्यांनी काय करायचं? घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. लग्नं करा, पोरांची लग्नं करा. ज्या शहरात नेलं आहे त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. वचन अकराचा गोडवा वचन पाचच्या घामावर उभा आहे. आणि एक अध्याय मागे गेलीस तर हनन्या भेटेल, जो भर मंदिरात सांगत होता की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना तो यिर्मयापेक्षा गोड वाटला असणार. तो खोटा ठरला. तुझ्या टेलिग्रामवर रात्री दोन वाजता 'येत्या तारखेला पक्कं' लिहिणारे आहेत ना, ते सगळे हनन्याच्या गोत्रातले. ते ग्रुप म्यूट कर. सुनावणी झाली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येतंच. झोप तरीही येईना, जेवण जाईना, तर मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोन कर किंवा डॉक्टरांना भेट. प्रार्थना आणि गोळी यांचं काही वैर नाही.

बडोद्याच्या मुलाला भेट. लग्न ठरव असं म्हणत नाही, भेट म्हणतेय. रात्रीच्या बसने माणूस सकाळी पोचतो, ते लोक येऊ शकतात. त्याला आहे ते आहे तसं सांग: निकाल कधी लागेल माहीत नाही, लागला तर मध्य प्रदेशात कुठेही पोस्टिंग होईल, नाही लागला तर मी शिकवत राहीन. हे ऐकून मागे फिरणारा मुलगा पोस्टिंगनंतर कळण्यापेक्षा आता कळलेला चांगला.

पैशाचंही बोलून टाकते, कारण भक्तीच्या गोष्टींत ते राहून जातं. कोर्टाला मुदत घालता येत नाही, स्वतःला येते. आईपप्पांबरोबर बसून ठरव, पुढची परीक्षा द्यायची का, किती वेळा, आणि तोवर घरात तुझे किती पैसे आले पाहिजेत. बी.एड. झालं नसेल तर त्याचाही विचार कर.

विश्वास कमी पडतोय का, याला मी लांबण लावत नाही. तेरावं स्तोत्र काढ. पहिल्या दोन वचनांत चार वेळा 'कुठवर' विचारलेलं आहे. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत अंधारातून बाहेरच येत नाही, तरी ते उपासनेच्या पुस्तकात ठेवलेलं आहे. ज्यांनी ठेवलं त्यांना तुझ्यासारखी माणसं ठाऊक होती. चर्चमधला प्रश्न मात्र खरा आहे. आपल्याकडे साक्ष द्यायला उभं राहायचं ते निकाल लागल्यावर, ऑपरेशन पार पडल्यावर, व्हिसा आल्यावर. अधेमधे असलेल्या माणसाला त्या सभेत बसायला जागाच नसते, आणि याचा मला मनापासून वैताग येतो. तू एक वाक्य तयार ठेव: 'काकू, निकाल लागला की मीच पेढे आणीन. तोवर माझ्या वर्गातल्या मुलींसाठी प्रार्थना करा.' लोकांना करायला काहीतरी दिलं की ते विचारायचे थांबतात. पाळकीणबाई किंवा कुणी एक जवळची मैत्रीण निवड, जिच्यासमोर रडता येईल. आणि आशीर्वाद घेऊन मगच बाहेर पड. तुझ्या वाट्याचा आहे तो.

उरलं मागणं. थांबवू नकोस. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली, काटा गेला नाही, माझी कृपा तुला पुरे आहे असं उत्तर आलं. हन्नाला हवं ते मिळालं, त्याला नाही, आणि दोघंही देवाचीच माणसं. तुझं यांपैकी काय होईल ते मी सांगू शकत नाही. जो सांगेल त्याच्यापासून सांभाळून राहा. नोकरी नावाने माग, स्पष्ट माग.

पण मागताना एक अडचण येणार आहे, ती आधीच सांगून ठेवते. तुझ्या १३ टक्क्यांत पलीकडची बाजूही आहे. तिकडेही अशीच एखादी मुलगी असेल, ३२ वर्षांची, तिची आईही देवापुढे दिवा लावत असेल किंवा नमाज पढत असेल. कोर्ट एकीला देईल तेव्हा दुसरीची जागा जाणार आहे. मग 'प्रभो, मला दे' या तीन शब्दांचा अर्थ काय होतो, यावर मी तुझं पत्र आल्यापासून विचार करतेय आणि माझ्याकडे सरळ उत्तर नाही. मला एवढंच सुचतं की दोघींचा न्याय कर, असं म्हणता येईल, आणि ते म्हणताना समोर कुणीतरी असावं. नावं तुला माहीत नसतील, पण मुलाखतीच्या यादीत पलीकडचे रोल नंबर छापलेले आहेत. त्यांतला एक घे.

तुझी,
मावशी